छतावरचं नाव

प्रिय आई,

आज सकाळी सोलर पॅनल धुवायला छतावर गेले होते. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. पावसाळ्यात ते आपोआप धुतले जात होते, मग दसरा झाला, दिवाळी झाली, दर रविवारी मी "पुढच्या रविवारी" म्हणत राहिले. शेवटी काल शेजारच्या तिवारी अंकलनी भिंतीवरून टोकलं, "बिटिया, तुम्हारे वाले पर तो मटर बो सकते हैं." इतकी धूळ. तेव्हा कुठे तुझा लांब दांड्याचा वायपर अन् जुन्या सुती पातळाचा बोळा घेऊन वर चढले. तिथं जे दिसलं त्यामुळेच हे पत्र लिहायला बसले आहे. पण ते नंतर. आधी आपलं भांडण पुरं करू दे, ते माझ्या बाजूनं अर्धंच राहिलंय.

मागच्या हिवाळ्यातलीच गोष्ट. तू अंगणात ऊन घेत पाटन गावचे मटार सोलत होतीस. गळ्यात कार्ड लटकवलेला एक भैया आला. तुला माताजी म्हणाला, न सांगता खुर्ची ओढून बसला अन् सुरू झाला. "माताजी, एक पैसा नहीं लगेगा. पैनल कंपनी के, लगवाना कंपनी का, धोना-सुधारना कंपनी का. बिजली आपको सस्ती मिलेगी. आपको बस छत देनी है."

मी आतून चहा घेऊन आले तेव्हा खूश होते. माझ्या बँकेतल्या दोघीतिघींनी हेच केलं होतं. तिवारी अंकलनी तर सहीसुद्धा केली होती. अन् तू काय विचारलंस?

"मैं उस पर नाम डाल सकती हूँ क्या?"

त्या बिचाऱ्याला कळेचना. घरात आलेलं प्रत्येक भांडं तू बाजारात नेऊन, त्यावर नाव घालून आणल्याशिवाय मांडणीवर ठेवत नाहीस, हे त्याला कुठून माहीत असणार? पातेली, परात, पाण्याचा पिंप, इतकंच काय, चहाची गाळणीसुद्धा. सगळ्यांवर बाबांचं नाव, वि. ग. पाठक. बाबा फॅक्टरीत वस्तूंवर शिक्के मारायचे अन् तू घरात. त्या भैयाला आधी हसूच आलं, मग म्हणाला, "पच्चीस साल बाद सब आपका हो जाएगा माताजी, तब डाल लीजिएगा."

"मग नको," तू मराठीत म्हणालीस अन् पुढची शेंग उचललीस. या हिंदी बोलणाऱ्या गावात त्याला मराठी येत नव्हतं, तरी तो उठला.

आई, मला किती राग आला होता. मी तुला समजावलं, कागद काढून समजावलं. विकत घ्यायचे म्हणजे सगळी रक्कम आधी आपण घालायची, सरकारचं अनुदान येईल तेव्हा येईल. काही बिघडलं तर माणूस शोधत आपण फिरायचं. दर महिन्याला धुवायचे आपण, तेही तुझ्या गुडघ्यांनी अन् माझ्या नोकरीतून. फुकटवाल्यांकडे यातलं काहीच नाही. तू सगळं ऐकलंस. मग करार मागितलास, चष्मा पुसलास अन् दोन दिवस तो वाचत बसलीस. हिंदीतला कायद्याचा कागद, आठवी शिकलेली माझी आई, बोट ठेवून ठेवून.

"मंजू, हे वाचलं काय? मधे घर विकायचं झालं तर यांना विचारायचं. वर खोली काढायची झाली तरी विचारायचं. अन् ज्या बाजूला ऊन, ती सगळी यांची. मग कुरड्या कुठं घालू, यांच्या ऑफिसात?"

"आई, विकत आणता येतात कुरड्या."

"तेच म्हणून राहिली मी. कुरड्या विकत येतात, छत नाही."

त्यावर मी आणखीच चिडले. अन् त्याच आठवड्यात तू गल्लीतल्या शर्माजींच्या मुलाला, तो पॅनल विकतो म्हणून, घरी बोलावलंस, आपण घेतोय म्हणून सांगून टाकलंस. कशातून घेणार, म्हणून विचारलं तर म्हणालीस, "तुझ्या लग्नाच्या एफडीतून."

शेचाळीस वर्षांची मी. ती एफडी तू मुदत संपली की पुन्हा पुन्हा नवी करत आलेली, जणू उद्याच कोणी पाहायला येणार आहे. मला वाईट वाटलं, लाज वाटली, की हरल्यासारखं वाटलं, आजही सांगता येणार नाही. तू मात्र आनंदात सांगत होतीस, पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे म्हणून. अन् मी म्हणाले, "तू काय पंचवीस वर्षं राहणार आहेस?"

म्हणाले ना मी असं? म्हणाले. ते परत घेता येत नाही, अन् तुझ्यासमोर घ्यायलाही मी कधी आले नाही. तू म्हणालीस, "नाही राहणार. तू राहशील ना." अन् रात्रीच्या कढीला फोडणी द्यायला उठलीस.

होळीच्या आसपास पॅनल आले. त्या दिवशीचा तमाशा मी अजून बँकेत सांगते. फिटर लोक वर लोखंडी स्टँड उभं करताहेत, अन् जिन्यातून धापा टाकत येतात कोण, तर बाजारातले रामदीन चाचा, भांड्यांवर नाव घालायचं मशीन काखेत धरून. तू बोलावलेलं! पॅनलला हळदी-कुंकू लावून झालं होतं, आता नाव. चाचांनी मशीनचा प्लग लावायला जागा शोधली, तसा फिटर ओरडला, "अरे माताजी, मशीन मत चलवाइए, वारंटी चली जाएगी." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चाचांना जिन्यातूनच परत पाठवलं अन् तुला म्हणाले, "पुरे कर आता." तू हळदी-कुंकवाचं ताट उचलून खाली गेलीस. मला वाटलं, नावाचं खूळ एकदाचं संपलं.

त्यानंतरचे चार महिने तू काय मिरवलंस गं! दुपारी मला बँकेत फोन, "आज ऊन चांगलं आहे, मीटर पाहून आली." वाटण, दळण, इस्त्री सगळं दुपारी. मी सांगायची, आई, जास्तीची वीज वायरमधून परत जाते, ती आपल्या बिलात धरतात, तुला घाई करायची गरज नाही. तरी तू म्हणायचीस, "समोर ऊन आहे तोवर वाटून घेते." अन् उरलेल्या अर्ध्या छतावर उन्हाळ्यात पाच घरांच्या कुरड्या, तुझ्याच हाताखाली. तिवारी काकूंच्यासुद्धा, कारण त्यांच्या छतावर आता पाय ठेवायला जागा नव्हती.

खरं सांगायचं तर तिवारी अंकलचं काही वाईट चाललेलं नाही. त्यांचं पॅनलचं मशीन बिघडलं तर कंपनीचा माणूस येऊन बदलून गेला. पॅनल धुवायलाही तेच येतात. अंकल कोट घालून खाली उभे राहतात. मुलं बाहेरगावी, वर खोली काढायची नाही, त्यांना ते बरोबर आहे. तू त्यांना कधी नावं ठेवली नाहीस. मीच ठेवत होते, तुला.

अन् मग श्रावणात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन तू गेलीस. मी "तुझं बरोबर होतं" म्हणायचं तसंच राहून गेलं. त्याला आता पाच महिने झाले.

आता आजचं. पॅनल धुऊन झाले, पाणी खाली वाहत होतं, म्हणून स्टँडच्या मागच्या बाजूला वाकले. कोपऱ्यातल्या पायावर, जिथं मुद्दाम गेल्याशिवाय कोणाचं लक्ष जाणार नाही, तिथं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं. कमल.

नुसतं कमल. ना वि. ग., ना पाठक, ना सौ., ना श्रीमती. घरात दोनशे भांडी असतील, त्यातल्या एकावरही तुझं नाव नाही. मी ओल्या छतावर बसूनच राहिले.

तशीच स्कूटर काढून रामदीन चाचांकडे गेले. त्यांनी मला ओळखलं, जरा भीतभीतच. म्हणाले, "आप ऑफिस गई थीं, तब माताजी ने फिर बुलवाया था. बोलीं, पैनल पर नहीं, पाए पर लिखो." मी म्हटलं, पण इतक्या वर का लिहिलं, खाली अर्धा पाय मोकळाच आहे. तर म्हणाले, "हम तो बीच में लिख रहे थे. माताजी बोलीं, ऊपर लिखो, नीचे जगह छोड़ो. बिटिया अभी गुस्सा है. मान जाएगी तो अपना लिखवा लेगी."

तुला माहीत होतं तर. मी मानणार हे माझ्याआधी तुला माहीत होतं, अन् तू जागा सोडून ठेवलीस. आठवी शिकलेली बाई, साऱ्या गल्लीत एकटीनं करार शेवटपर्यंत वाचणारी, स्वतःच्या नावाची पहिली वस्तू घेणारी, ती माझी आई. आज रस्त्यात थांबून कोणालाही सांगावंसं वाटत होतं. चाचांना तर सांगितलंच. ते म्हणाले, "हमें मालूम है."

मानलं, आई. तुझं बरोबर होतं.

पुढच्या रविवारी चाचा येणार आहेत. मी स्वतः त्यांचं मशीन हातात घेऊन जिना चढणार आहे. अन् स्टँडच्या पायावर तुझ्या नावाखाली माझं घालून झालं की तुझी ती पलंगाखालची पेटी ओढणार आहे, तिच्यात आहेत माझ्या लग्नासाठी घेतलेली, सासरचं नाव ठरेना म्हणून इतकी वर्षं कोरी राहिलेली भांडी. चाचांना सांगून ठेवलंय, दिवसभराचं काम आहे, जेवायला आमच्याकडेच. सगळ्यांवर तेच एक नाव घालायचं आहे, अन् ते ठरलेलं आहे.

तुझ्या नावाखालची,
मंजू