बाळाचा बाप मी नव्हे, याबद्दल

ताराज, जूनचा पहिला आठवडा

तोलेगेन मामांना भाच्याचा, येरमुरातचा, वाकून सलाम. तुम्ही, मामी, घोड्या, मेंढ्या सगळे धडधाकट असाल. (गुडघ्याचं विचारत नाही, विचारलं की तुम्ही उत्तरात तेवढंच लिहिता.)

बातमी अशी की झामाल ताईला मुलगी झाली. म्हणजे झाली माझ्या बायकोला, राउशानला, पण आहे ताईची. गोंधळू नका, माझं वर्षभर गोंधळून झालंय. ताईच्या पोटात बाळ टिकेना, म्हणून डॉक्टरांनी ताई-दाजींचा इवलासा गर्भ राउशानच्या पोटात रुजवला. 'मला दोन झालीत, मला जमतं,' असं राउशान म्हणाली, शेजारणीची भाजी आणून द्यावी इतक्या सहज. मला वाटलं, घरातलाच मामला, चहा आणि तळलेल्या बाउरसाकवर उरकेल. पण कायदा म्हणतो, आधी नोटरीपुढे करार, आणि पोटात बाळ वाढवणारीच्या नवऱ्याची लेखी संमती. नोटरीबाईंनी विचारलं, 'हे बाळ तुमचं नसेल, मान्य?' मी म्हणालो, 'माझ्या बहिणीचं बाळ माझं कसं नाही?' बाईंनी पेनाला टोपण लावलं नि आम्हाला घरी पाठवलं. पुढचा आठवडाभर राउशानने माझ्याकडून 'मान्य' हा एकच शब्द घोटून घेतला. (लग्नातसुद्धा मी तो इतक्या ठणठणीत आवाजात म्हटला नव्हता, असं तिचं म्हणणं.)

एवढं करूनही दवाखान्यातल्या कारकुनाने सवयीने आईच्या रकान्यात राउशानला आणि बापाच्या रकान्यात मला बसवलं. मग जन्मनोंदणीच्या कचेरीत आम्ही चौघे, बाळ आणि कागदांची पिशवी. मी बाप नाही, हे एका सकाळीत तीन खिडक्यांवर ओरडून सांगितलं. रांगेतल्या आज्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की विचारू नका. शेवटच्या खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'आई कोण?' ताईने राउशानकडे बोट केलं, राउशानने ताईकडे. 'अहो, नाव एकच लिहिता येतं!' तेव्हा राउशानने बाळ ताईच्या हातात दिलं आणि म्हणाली, 'लिहा, आई झामाल.' अक्षर न् अक्षर सुटं करून. दाखला मिळाला. ताई रडली, दाजी रडले, खिडकीतल्या बाई शिक्का शोधायला खाली वाकल्या त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत. फक्त राउशान रडली नाही. असो, सगळं सुरळीत पार पडलं. आम्ही मजेत आहोत.

तुमचा, कागदोपत्री निर्दोष सुटलेला,
येरमुरात

ता.क. मजेत नाही. ताईचं घर आमच्या भिंतीला लागून. पलीकडे बाळ रडलं की राउशान हातातलं टाकून उभी राहते, मग पुन्हा खाली बसते. मामींनी आपणहून फोन करून म्हणावं, की दुभत्या घोड्यांच्या धारा काढायला माणूस मिळत नाही, राउशानला मुलांसकट महिनाभर पाठव. काम मात्र देऊ नका. आणि हे मी लिहिलंय ते तिला कळू देऊ नका.

पुन्हा ता.क. फोनवर माझंही नाव घ्यायला सांगा. मीही उभा राहतो, मामा.