माझा अठराचा हँडिकॅप

३ जानेवारी, सकाळी ६.१०
नवी वही. रोज लिहायचं. थोडक्यात, मुद्देसूद.
काल मेव्हणीकडे जेवताना घोषणा केली. एप्रिलमध्ये दहा दिवस, समुद्रकाठची सहा नावाजलेली गोल्फ मैदानं, तीन जोडपी. आम्ही, साडू-मेव्हणी आणि शेजारचे दातांचे डॉक्टर सपत्नीक. नियोजन अर्थातच माझ्याकडे.
साडूने विचारलं, तुमचा हँडिकॅप किती? हा आकडा जेवढा कमी, तेवढा खेळाडू तयार. साडूचा वीस. मी म्हटलं, अठरा. तोंडातून निघून गेलं. ही पाणी ओतत होती, तिने ग्लास काठोकाठ भरला आणि माझ्याकडे बघत राहिली.
वास्तविक मला अजून हँडिकॅप मिळालेला नाही. क्लबात येऊन अकराच महिने झालेत. पण खेळात दम आहे.

९ जानेवारी
वेळापत्रक तयार. तीन रंगांत. ६.४० नाश्ता, ७.२५ पहिला फटका, असं दहाही दिवस; मैदान नसेल त्या दिवशी सराव. ही म्हणाली, एखादा दिवस गोल्फशिवाय ठेवा, मला नुसतं पाण्यात पाय सोडून बसायचंय. चौथ्या दिवशी ४.४० ते ५.०५ बसवलं. पंचवीसच मिनिटं? म्हणाली. मी म्हटलं, मोजे काढण्याचा वेळ वेगळा धरलाय.

१५ जानेवारी
पहिल्या मैदानाकडून पत्र. पुरुषांना चोवीस, बायकांना छत्तीस किंवा त्याहून कमी हँडिकॅप हवा, तोही आपल्या क्लबच्या दाखल्यानिशी. दाखल्यासाठी तीन फेऱ्या खेळायच्या, आणि दर फेरीच्या कार्डावर बरोबर खेळणाऱ्याने फटके मोजून सही करायची. तीन रविवारांचं काम. साक्षीदार म्हणून ही. डॉक्टरांनी पाठीसाठी चालायला सांगितलं म्हणून ऑगस्टपासून तीही खेळते. बरी खेळते. स्टिक धरायला मीच शिकवलं.

१८ जानेवारी, रविवार
पहिली फेरी, अठरा होल. माझ्या हिशेबाने ९४ फटके. हिच्या हिशेबाने १३३. जेवणापर्यंत चर्चा. माझं म्हणणं, चेंडूला स्टिक लागलीच नाही तर तो फटका कसा? आणि झाडीत मी काय केलं ते तिला दिसतच नव्हतं, मग मोजलं कसं? म्हणाली, आवाजावरून.
तिचे ११२ झाले म्हणे. मी लक्ष दिलं नाही. कार्ड सहीविना ड्रॉवरमध्ये.

२५ जानेवारी, रविवार
१३६. कारण, ही मागे उभी राहून पुटपुटत आकडे मोजते. एकाग्रता कशी राहणार?

२ फेब्रुवारी
ऑफिसचा दिवस छान गेला. आमचं वजनमापांचं खातं. एका किराणावाल्याचा काटा पंधरा ग्रॅम कमी निघाला. म्हणाला, साहेब, बरीच वर्षं तसाच चाललाय, मलाच कळलं नाही. त्याला पाऊण तास सुनावलं. काटा सील केला. चहा घेतला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
तिसरी फेरी बाराव्या होलवर सोडावी लागली. क्लबच्या सेक्रेटरींना सांगितलं, हिची पाठ धरली. हिने उरलेले सहा होल मागून येणाऱ्या जोडीबरोबर पूर्ण केले.
उद्यापासून व्यायाम.

९ फेब्रुवारी
व्यायाम पुढच्या सोमवारपासून. आज बूट ओले होते.

२० फेब्रुवारी
साडूचा फोन. रजा मंजूर. डॉक्टरांनी दहा दिवस दवाखाना बंद ठेवायचं ठरवलंय, पेशंटना तारखा पुढच्या दिल्या. मेव्हणीने सहाजणांसाठी एकसारखी विंडचीटर शिवून घेतलीत. माझ्या छातीवर ‘कॅप्टन’ लिहिलंय. मी वा वा म्हटलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून थोडा वेळ बसलो.

१ मार्च, सकाळी ७.००
मार्ग सापडला!
ड्रॉवरमधली कार्डं रद्द. तीन नवी घेऊन त्यांवर आकडे भरले: ९१, ९३, ९०. ती कार्डं हिच्यापुढे सहीला ठेवायची. ही सही करणार नाही. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस जास्त ठेवत नाही, ती बाई खोट्या आकड्यांवर सही करेल? सही नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर सहल नाही. आणि माझा काही दोष नाही. साडूला मेसेज लिहून ठेवलाय: माझी फार इच्छा होती, पण हिच्या काही तत्त्वांपुढे इलाज नाही.
आठ वर्षांपूर्वी बढतीवर बदली आली, तेव्हा साहेबांना असंच सांगितलं होतं. हिला परगाव मानवत नाही. गाण्याचा क्लास सोडला तेव्हाही, हिला रियाजाचा त्रास होतो. पोहण्याच्या वेळीही तेच. लोक समजून घेतात.

दुपारी २.३०
ही वाटाणे सोलत होती. हात पुसले, तिन्ही कार्डं वाचली, आणि तिन्हींवर सही केली.
मी म्हटलं, अगं, नीट वाचलंस का? म्हणाली, वाचलं. म्हणाली, बदलीच्या वेळी तुम्ही मला विचारलंही नव्हतंत. मी एका पायावर तयार होते. तुमच्या साहेबांच्या बायकोने मला लग्नात गाठून समजावलं, की नवऱ्याच्या आड असं येऊ नये. तेव्हा मी गप्प बसले. आता या वेळी नाही म्हणायचं असेल तर स्वतःच्या नावावर म्हणा, माझं वापरायचं नाही.
मग पुन्हा वाटाणे घेतले.

६ मार्च
दाखला आला. अठरा. सेक्रेटरींनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. हिलाही मिळाला, चौतीसचा. तिचे फटके खरे मोजलेले आहेत.
मला भीती वाटते. बढतीच्या वेळीही अशीच वाटली होती. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१९ मार्च
साडूला सगळं सांगायचं ठरवून चार वेळा फोन लावला. तीनदा त्याने उचलण्याआधी ठेवला. चौथ्यांदा हवामान विचारलं.

२८ मार्च
डॉक्टरांना म्हटलं, दाढ ठणकतेय, एप्रिलमध्ये नेमकी काढायला लागेल असं दिसतं. तपासलं. म्हणाले, काही नाहीये, पण वाटलंच तर काळजी नको, पक्कड बरोबर घेतो.
हिने बॅगा भरल्या. माझीही.

१२ एप्रिल, सकाळी ८.५०. पहिलं मैदान
विंडचीटर घातलंय. वारा इतका, की बोलायला तोंड उघडलं की मिटत नाही. सुरुवातीच्या जागी वीसेक माणसं पाळीची वाट बघत उभी. तिथल्या माणसाने मोठ्याने माझं नाव पुकारलं आणि पुढे, हँडिकॅप अठरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
पहिला चेंडू काटेरी झुडपात. दुसरा समुद्रात. पुढचं लिहीत नाही.
माझं कार्ड साडूकडे. होल संपल्यावर पेन्सिल काढून त्याने विचारलं, किती झाले? मी सवयीने हिच्याकडे पाहिलं. ही स्वतःचा चेंडू पुसत होती. मान वर केली नाही.
मी म्हटलं, चौदा.
साडूने लिहिलं. माझ्या छातीकडे बघितलं. म्हणाला, वारा आहे आज. मी म्हटलं, वाऱ्याचं काही नाही, मी असाच खेळतो. तो पेन्सिल खिशात घालून पुढे चालू लागला.
एक होल झाला. सहा मैदानांचे मिळून एकशे सात राहिले.