सोळा दातांचं चाक

३ मार्च
इंजिन मी मोडलं. दुसऱ्या कुणी नाही. ही जाऊन अकरा आठवडे झाले, टेबलावर धूळ साचली होती. म्हटलं, पुसून ठेवावं. दोन सारख्याच बाटल्या, एकीवरही चिठ्ठी नाही – ही वासावरून ओळखायची. मी वास न घेताच, साधं तेल समजून, इंजिनाची चाकं बुडवून ठेवली. थिनर निघालं! आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तडकलं. मोटर फिरते, इंजिन जागचं हलत नाही.
साठ वर्षांपूर्वीचं खेळण्यातलं इंजिन. हिच्या वडिलांनी दिलेलं. हिनं जन्मभर चालतं ठेवलं, मी एका दुपारी वाट लावली.

४ मार्च
मुलीचा फोन. "बाबा, पंचवीसला येतेय. आईचं काळं इंजिन चालवू या." हो म्हटलं.

६ मार्च
खेळण्यांचा दुकानदार हसला. "आजोबा, ती कंपनी माझ्या जन्माआधी बुडाली! रिमोटवालं घ्या, नातू खूश होईल." नातू नाही, हे सांगितलं नाही. घड्याळवाल्यानं भिंगातून दात मोजले. सोळा. त्याच्याकडे नाही.

८ मार्च
हिच्या फोनमध्ये एक नंबर सापडला – 'खिळेमोळेवाले'. दूरच्या शहरातले गृहस्थ, जुन्या इंजिनांचे सुटे भाग विकतात. हिच्याच फोनवरून लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. "अगंबाई, ताई! किती दिवसांनी!" मी तिचा नवरा, म्हटलं. "कशा आहेत हो त्या?"
"बरी आहे."
तोंडातून निघूनच गेलं. इतक्या आठवड्यांत हिची खुशाली कुणी विचारली नव्हती.

११ मार्च
त्या बाईंचा फोन. चाकाचं भोक केवढं? हिला विचारून सांगतो, म्हटलं. फोन ठेवून आतल्या खोलीत गेलो, खाटेपाशी उभा राहिलो. माप माझ्याच हातातल्या कागदावर होतं! परत येऊन सांगितलं – दीड मिलिमीटर.
"थांबा हं, ह्यांना विचारते." खण उघडल्या-मिटल्याचे आवाज. मग – "असेल म्हणतात. शोधतो म्हणालेत."

१२ मार्च
बाजारात गेलो. काही न घेताच परत आलो.

१४ मार्च
मीच फोन केला. काम काही नव्हतं. 'ही आज जरा पडून आहे' असंही सांगून टाकलं. काय चालवलंय मी हे! "जपा हो त्यांना," म्हणाल्या.

१७ मार्च
बाईंचा फोन. चाकं दोन निघाली. दोन्ही सोळा दातांची, दिसायला जुळी. एक आपल्या इंजिनाचं, दुसरं भलत्याचंच. चुकीचं बसवलं तर बाकीच्या चाकांचे दात जातील. "ताईंना द्या ना फोन. त्या एका दमात सांगतील."
"साहेबांना विचारा की."
"छे, ह्यांचं राहू दे. ताईच हव्यात."
आंघोळीला गेलीय, म्हटलं. दुपारचे तीन वाजले होते!
"मग उद्या अकराला करते. बसवून ठेवा त्यांना."

१८ मार्च
अकराला वाजला. नाही उचलला. साडेअकराला. बाराला. शेवटी जिन्यात जाऊन बसलो. शेजारीण म्हणाली, "किल्ली विसरलात का?" हो, म्हटलं. आता तिच्याशीही खोटं.
मुलीनं येऊन हा फोन उचलला तर? आणि त्या बाई तिकडे वाट बघतायत, ताई बोलतील म्हणून.

१९ मार्च
मीच लावला. उभ्यानंच सांगितलं – ही डिसेंबरात गेली. मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं. सगळ्यांना मुलीनंच कळवलं होतं.
 तिकडून अगदी बारीक आवाजात –
"आमचे हे तर दोन वर्षांपूर्वीच गेले. खण मीच धुंडाळते आणि ह्यांनी सांगितलं म्हणते. मला यातलं ओ की ठो कळत नाही हो!"
मलाही नाही, म्हटलं.
"दोन्ही पाठवते. आधी बोटानं हळूच फिरवून बघा. चुकू दे एक."