दोनदा मोडलेलं नाक

लालबाग, बुऱ्हाणपूर. मंगळवार, संध्याकाळ.

आज डॉक्टरांशी परत खोटं बोललो. गाडीवरून पडलो, असंच सांगितलं. दोन्ही वेळा फक्त नाकच कसं मोडलं, हे त्यांनी विचारलं नाही. पहिल्या ऑपरेशनात नाकातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, वापरून झाली, आता बरगडीतली काढून लावणार. म्हणाले, "तिसऱ्यांदा मार बसला तर माझ्या हातात काही नाही."

खरं कसं सांगू? आप्पा सगळं विसरले, मला कधी भाऊ समजतात, पण कुस्ती नाही विसरले. मानेला मागून हात लागला की डोकं जोरात मागे झटकतात. पहिल्यांदा टॉवेल गुंडाळताना, दुसऱ्यांदा तेल लावताना. वडिलांनी नाक मोडलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

ऑपरेशन शुक्रवारी. त्यानंतर त्यांना तेल कोण लावणार, हेच डोक्यात घोळतंय.

एरवी मी न्हाव्यासारखा मागे उभा राहून त्यांची दाढी करतो. आज भीती वाटली, म्हणून समोर बसलो. आप्पांनी माझ्या वाकड्या नाकावर बोट ठेवलं.

"कोणी मारलं रे?"

"गाडीवरून पडलो, आप्पा."

"खोटं नको बोलू. हे डोक्यानं मोडलंय. मागून धरलं असशील त्याला." मग आखाड्यातल्या त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "पैलवानाला मागून नाही धरायचं. समोरून जायचं. कोण येतंय ते त्याला दिसलं पाहिजे."

आणि दाढीसाठी स्वतःच हनुवटी वर केली.