दोन वाहिन्या, एकच चर

१२ फेब्रुवारी. या वहीत आठ महिने काही लिहिले नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. लिहिण्यासारखे होते, धीर नव्हता. आज लिहिते आहे ते माझे मृत्युपत्र.

मी, वय सेहेचाळीस, पाणीपुरवठा केंद्रातली विद्युत अभियंता. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. साहेबांनी फक्त विचारले, "बाई, जुनं उकरून काय मिळणार?" तेही स्वतः चहा मागवून. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. म्हणून आजच लिहिते.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. ती आधी गेल्यास तिच्या मुलीला. पर्यायाशिवाय मी काहीच ठेवत नाही.

२. हत्यारांची पेटी आमच्या फिटरकाकांना. पिवळा टेस्टर मात्र फेकून द्यावा. तो चालू तारेलाही बंद म्हणतो.

३. शोकसभेत साहेबांनी बोलू नये.

४. कपाटातला लिफाफा माझ्या मृत्यूनंतर रुग्णालयाच्या अधीक्षकांना द्यावा. प्रती तीन घरांत आहेत. रुग्णालयाला पाणी देणाऱ्या दोन पंपांना दोन स्वतंत्र वीजवाहिन्या आहेत, असे आराखडा सांगतो. जूनमध्ये मी जमिनीतल्या केबलवरचे झाकण उचलले. दोन्ही केबल एकाच चरात, एकमेकींना चिकटून. एक जळाली की दुसरीही गेलीच. दर सोमवारी आम्ही एक बंद करून दुसरी चालते का पाहतो आणि "ठीक" लिहितो. चाचणी खरी आहे, पण ती हे विचारतच नाही. आराखड्यावर तपासणीची सही माझी, नऊ वर्षांपूर्वीची, झाकण न उचलता केलेली. घाई होती? साहेबांच्या शब्दावर विश्वास होता? खरे सांगायचे तर ऊन होते.

साक्षीला शेजारचे निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी. गुरुजींनी सगळे वाचून चष्मा काढला.

"तब्येत कशी आहे गं तुझी?"

"ठणठणीत."

"म्हणजे रुग्णालयानं तुझ्या मरणाची वाट बघायची. अजून चाळीस वर्षं."

"अहो, पोरीला बोलू नका. सही करा नि मोकळे व्हा," काकू म्हणाल्या.

"करतो की. सही करायला काय लागतं, हिलाच विचार."

कलम चार मी त्यांच्यासमोर खोडले. खोडल्या जागी तिघांनी सही केली. बाकी कलमे कायम.

लिहिणारी: (सही)
साक्षीदार: (सही) गुरुजी, (सही) काकू
ठिकाण: त्यांचे जेवणाचे टेबल. दिनांक वरचाच.

उद्या: साडेनऊला अधीक्षकांना भेटणे. स्वतः.