सत्कार आधी, सुभेदार नंतर

इस्लामपूर, बुधवार
मार्च १९४६

ती. विष्णुमामांस,

मधूचा साष्टांग नमस्कार. (पाठ दुखत असेल तर आशीर्वाद पडल्यापडल्या दिला तरी पोहोचतो.) मामींचा खोकला उतरला असेल. नोकरी कायम झाल्याशिवाय आमच्या चारुशीलेच्या लग्नाचा विषय काढू नकोस, असे आपण दिवाळीत बजावलेत. म्हणून काढत नाही. फक्त नोकरीचे सांगतो.

आमचे साप्ताहिक सांगलीत शुक्रवारी छापतात आणि माझे टपाल बुधवारी जाते. तेव्हा गुरुवारचे समारंभ मी बुधवारीच निमंत्रणपत्रिकेवरून लिहितो. (सगळेच वार्ताहर लिहितात. अध्यक्षांचे भाषण विचारप्रवर्तक झाले हे कळायला ते ऐकावे लागत नाही.) संपादक अंक छापून झाल्यावर वाचतात, त्यामुळे सर्वांचे ठीक चालले होते. गेल्या महिन्यात लढाईवरून परतणाऱ्या सुभेदार मानसिंगाचा इथे सत्कार होता. बातमीत मी मिरवणूक काढली, सात वक्ते बोलवले, त्याच्या आईच्या, बनुबाईंच्या, हाती पंचारती दिली आणि त्यांचे डोळे पाणावले. सुभेदार मात्र आलाच नाही. वक्ते आपापली भाषणे खिशात घालून परतले. शनिवारी बनुबाई अंक घेऊन माझ्या दारात येऊन बसल्या. "आवं, पेपरात माजा मानसिंग आलाय, मग घरात का न्हाई?" याचे उत्तर संपादकांकडून आले. आठ दिवसांत सुभेदार हजर करा, नाहीतर राजीनामा.

लोणंदला त्याची बहीण असते, एवढ्या धाग्यावर गाडी धरली. सुभेदार तिच्या पडवीत कांदा फोडून भाकरी खात होता. (दचकला नाही. दुसरा कांदा मला दिला.) म्हणाला, "तोफंला भ्यालो न्हाई, गड्या. पर पत्रिकेत सात भाषणं वाचली आन् हितंच उतरलो." मी अंक पुढे केला. त्याने ओळीवर बोट ठेवून तो दोनदा वाचला. "म्हंजी समदं उरकलं? लय ब्येस. चला मग घरी." बनुबाईंना तोवर बातमी पाठ झाली होती. दारात ती म्हणत म्हणत त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणावलेल्या डोळ्यांच्या ओळीपाशी आल्या आणि खरोखरच रडल्या. मीही थोडा. ते छापलेले नव्हते.

तर मामा, बातमी खरी ठरली आणि नोकरी कायम झाली.

आपला आज्ञाधारक भाचा,
मधु

ता. क. शनिवारी आपल्याकडे वाईस येणाऱ्या अंकात, चि. सौ. कां. चारुशीला हिचा साखरपुडा शुक्रवारी सायंकाळी वधूपित्याच्या राहत्या घरी आमच्या इस्लामपूरच्या वार्ताहराशी झाला, अशी बातमी आहे. आपण थोडक्यात पण हृद्य बोललात. (भाषण सोबत जोडले आहे.) लुगडे डाळिंबी होते. रंग चारूने स्वतः कळवला, तेव्हा तेवढे बिनचूक आहे.

आणखी एक. मला कायम केल्याची बातमीही, अशीच आगाऊ, त्याच्याच खाली आहे. संपादक आपले वर्गबंधू. अंक त्यांच्या हाती पडण्यापूर्वी जावयासाठी एक शब्द टाकाल का?