शिरोळच्या दोन रेडिओंचा एक

मी, सोमशेखर शिवलिंग हत्तरगी, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा रेडिओ, मिक्सर व पंखे दुरुस्ती, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डॉक्टरांनी छाती तपासून काही दोष नाही असे सांगितले आहे. तरीही लिहितो.

घर अव्वाच्या, म्हणजे आईच्या, नावे आहेच. पोस्टातील बचतही तिलाच मिळावी.

धाकटा भाऊ अमरेश याला स्क्रूड्रायव्हरचा संच द्यावा. मल्टिमीटर देऊ नये, तो वायरी उलट्या लावतो. “अण्णा, दुकान न्हवं हे, भंगाराची समाधी हाय की,” असे तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता. ते मी विसरलेलो नाही. दुकानातील एकही वस्तू त्याने किलोवर विकू नये. एका बंद मिक्सरमध्ये दुसऱ्या बंद मिक्सरचा जीव असतो, हे त्याला पटत नाही.

आता रेडिओविषयी. गेल्या वर्षीच्या महापुरानंतर शिरोळहून दोन रेडिओ गाळ भरून आले. एक मल्लव्वांचा, त्यांचे पती बसाप्पा पुरात गेले. दुसरा गणपतरावांचा, त्यांची बहीण आक्का पुरात गेली. “टाकून दे,” असे दोघेही म्हणाले. मला टाकवले नाही. दोन्ही धुऊन, वाळवून, दोहोंचे चांगले भाग घेऊन मी एक रेडिओ उभा केला. तो सुरू होण्याआधी खोकतो. ही बातमी शिरोळला पोहोचली आणि दोघेही दुकानात आले.

“ह्यो खोकला आमच्या मालकांचा हाय,” मल्लव्वा म्हणाल्या.

“आक्काचा हाय. तुमचं मालक बाईगत खोकत व्हते व्हय?”

“आन तुमची आक्का गड्यागत?”

शेवटी गणपतराव म्हणाले, “उघड, आन ज्याचं त्याला दे.”

मी सेल काढले, स्पीकरच्या वायरी तोडल्या. रेडिओ तरीही खोकला.

दुकानामागच्या स्वयंपाकघरातून अव्वाने हाक मारली, “सोमा, पाणी पी की रं. किती खोकतोयस.”

माझ्या ओठांत तेव्हा स्क्रू धरलेले होते. खोकलो असतो तर ते पडले असते. मल्लव्वांनी चपला शोधल्या. “ह्यो आमच्यांचा न्हाय,” एवढेच म्हणाल्या. गणपतरावही पाठोपाठ गेले. रेडिओ कोणीच नेला नाही.

म्हणून तो अव्वाला देतो, पण तो दुकानातच राहावा. अमरेशने तो फोडू नये. मला आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून समाधी द्यावी व त्या दिवसापासून दुकानाला कुलूप लावावे. त्यानंतर आतून खोकला ऐकू आला तर अव्वाने ओ देऊ नये. तिला राहवणार नाही, हे मला ठाऊक आहे. निदान पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवावा. आत जाऊ नये.

हे वाचून, समजून खाली सही केली.

सही: सोमशेखर शिवलिंग हत्तरगी

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळणार नाही:
१. गुंडू चौगुले, शेजारी, वेल्डिंगवाले (सही)
२. हंबीरराव इंगवले, शेजारच्या गाळ्याचे मालक (सही)

कोल्हापूर, १७ फेब्रुवारी २००६